गंगाबाईची हरकत

मारुतीच्या पारासमोरून डोईवर पदर न घेता जाणारी मांडवखेडीत एकच बाई होती, गंगाबाई. त्यात बंडखोरी काही नव्हती. ती गावची लेक होती. भाऊ नव्हता, म्हणून बापानं पुनाजीला घरजावई करून आणलं, आणि गंगाबाई ज्या घरात जन्मली त्याच घरात पन्नाशीला टेकली. ज्या म्हाताऱ्यांपुढे बाकीच्या बाया तोंड फिरवून उभ्या राहत, त्यांना ती काका आणि दादा म्हणे, आणि आपल्या ओट्यावरूनच त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी.

मांडवखेडी हे रोहण्याच्या अलीकडचं, आर्वी तालुक्यातलं गाव. सुनेनं सासऱ्याच्या किंवा भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, समोरून जायचं नाही, हा तिथला रिवाज. तो दिसला की तिनं पाठ करून थांबायचं. त्यानं खाकरून, उठून आडोशाला जायचं. मग तिनं पुढं सरकायचं. चुलत, मावस धरून अर्धं गाव प्रत्येक सुनेला सासरा-भासरा लागत होतं, आणि ते सगळे ऊन चढलं की पारावर बसत. त्यामुळे सुना पाराचा रस्ता टाळून मागच्या बोळांनी नाल्यावर जात. गावातल्या जुन्या विहिरीचं पाणी खारं होतं. उन्हाळ्यात नाला आटला की वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, भरावे लागत.

गंगाबाईचं घर नेमकं पारासमोर होतं, आणि त्याला मागचा बोळ नव्हता. हे दुखणं आधी कुणाला जाणवलं नव्हतं, कारण पाणी गंगाबाईच भरत असे आणि तिला कुणाची आडकाठी नव्हती. मागच्या वर्षी मुलाचं, केशवचं, लग्न झालं, पद्मा सून म्हणून घरात आली, आणि गंगाबाईनं हौसेनं चुंबळ तिच्या हाती दिली. पहाटेची एक खेप पद्मानं आणली. तोवर पार भरला होता. उरलेल्या दिवसाच्या सगळ्या खेपा गंगाबाईच्या डोक्यावर परत आल्या, त्या तशाच राहिल्या. पद्मा अंगानं दणकट होती, कामाला वाघीण होती, आणि दुपारी चौकटीआड उभी राहून सासूच्या डोक्यावरचा गुंड उतरवून घेताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

पारावरच्या रूपरावला हे रोजचं खाद्य होतं. "गंगे, तू सून आणली का सासू आणली वो?" तो विचारी.

"तुमी अर्धा घंटा पारावरून उठत जा, दादा, म्हणजे कयन मी काय आणलं ते," गंगाबाई चालता चालता म्हणे. रूपराव काही हलत नसे.

अशात विकास योजना आली. ब्लॉकच्या, म्हणजे विकास गटाच्या, साहेबांनी कळवलं की गावाला गोड्या पाण्याची विहीर मंजूर आहे. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा गावाचा, श्रमदान धरून. जागा मात्र गावानं उघड्या सभेत ठरवायची, सगळ्यांचं म्हणणं ऐकून. सरपंच महादेवराव उत्साही माणूस होते. सभेची वाट न पाहता त्यांनी पारावरच्या मंडळींना विचारलं, आणि मंडळींनी एकमुखानं सांगितलं की विहीर पाराशेजारीच हवी. सावली आहे, गावाच्या मध्यावर आहे, साहेबांची जीप थेट येते, आणि बसल्या जागी थंड पाणी प्यायला मिळेल.

गंगाबाईनं हे ऐकलं आणि डोक्यावरचा गुंड न उतरवता ती महादेवरावांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, पारापाशी इहीर म्हणजे माहं मरण हाये. पद्मी येऊ शकत नाई. कोनाचीच सून येऊ शकत नाई. मग पाणी कोण काढन?"

"अवं बाई, गावासाठी इहीर होऊन राह्यली, आन तू सुनेचं घेऊन बसली."

"गावात सुनाच पाणी भरते नं. का तुमी भरता?"

महादेवराव हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांनी आयुष्यात घागर उचलली नव्हती. "हे पाय, सभा उघडी हाये. चिंधूले दवंडी द्याले सांगतो का बायकाईनबी या. ज्या बाईची हरकत असन तिनं उभं राहून सांगाव. मी लिहून घेतो."

चिंधू कोतवालानं त्याच संध्याकाळी दवंडी दिली, बायकांचा उल्लेख करून. एकही सून सासऱ्यासमोर उभी राहून बोलणार नाही हे दवंडी देणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि महादेवरावांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गंगाबाई पद्मासोबत झिऱ्यावर गेली. तिथं गावातल्या बहुतेक सुना वाट्या घेऊन बसल्या होत्या. सभेचं नाव काढताच त्यांनी माना हलवल्या.

"मामाजी घरातून हाकलून देईन," सासऱ्याच्या धाकानं एक म्हणाली.

"बोलाचं कोनी नाई," गंगाबाई म्हणाली. "तुमी पाणी आणा. आज फक्त सभेच्या वक्ताले पारावरून आणा. पाण्याले चाललेल्या बाईवर कोन रागवते?"

"आन मामाजी उठलेच नाई तं?"

"तं उभ्या राहा. तुमाले कुठं घाई हाये."

झिऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू ऐकू आलं. पद्मा सगळ्यांत शेवटी हसली, कारण तिला सगळ्यांआधी निघायचं होतं.

सभा दुपारी उन्हं उतरल्यावर भरली. पारावर थोरली माणसं, खाली सतरंजीवर बाकीचे, आणि एका लाकडी खुर्चीत ब्लॉकचे साहेब. साहेब अमरावतीकडचे, तरुण, शहरात वाढलेले. माणूस मन लावून काम करणारा होता. लोकांचा सहभाग म्हणजे काय यावर ते बोलत होते. गंगाबाई समोर आपल्या ओट्यावर तूर निवडत बसली होती.

पहिली पद्मा निघाली. घराच्या उंबऱ्याबाहेर येऊन, गुंड कमरेवर घेऊन ती पाराकडे पाठ करून उभी राहिली. रूपराव तिचा मामेसासरा लागत होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, खाकरला, उठला आणि चावडीच्या भिंतीमागे गेला. पद्मा गेली. रूपराव येऊन बसला.

त्याचं धोतर सावरून होतं न होतं तोच दुसरी सून कोपऱ्यावर येऊन पाठमोरी झाली. ही महादेवरावांच्या धाकट्या भावाची बायको. महादेवराव त्या वेळी उभं राहून "आपल्या गावाची एकी" या विषयावर आले होते. एकी अर्धी सोडून ते चावडीमागे गेले. साहेबांनी त्यांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. महादेवराव परतले, "तर एकी," म्हणाले, आणि तिसरी आली.

मग तिघी एकदम आल्या. पारावरचे पाच जण उठले. ते बसतात तोवर पद्मा भरला गुंड घेऊन परत फिरली होती, आणि भरल्या गुंडाच्या बाईला ताटकळत ठेवणं कुणालाच शोभणार नव्हतं. रूपराव तर चावडीमागेच उभा राहिला. येण्याजाण्याचे कष्ट वाचले.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "सरपंच, मंडळी उठून का जात आहेत? काही नाराजी आहे का? असेल तर स्पष्ट बोला. सभात्याग करणं योग्य नाही."

"सभात्याग नाई, साहेब," भिंतीमागून रूपराव म्हणाला. "सुनत्याग हाये."

सतरंजीवर बसलेल्या पोरांत हशा पिकला. महादेवरावांनी ओट्याकडे बोट केलं. "गंगे, हे तुहं काम हाये."

"माहं काऊन? मी तं तूर निवडून राह्यली. त्या पाणी आणून राह्यल्या."

"आजच पारावरून?"

"काका, इहीर इथं झाली तं रोजच पारावरून. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. आज तं नमुना हाये."

पहिल्यांदा हिशेब लागला तो रूपरावला. तो भिंतीमागून बाहेर आला आणि पारावरच्या मंडळींना म्हणाला, "म्हणजे आपून रोज अशी कवायत कराची? माह्या गुडघ्याले नाई जमत. माही हरकत लिहा, साहेब."

"कशाला हरकत?" साहेबांनी विचारलं.

"पाराजवळच्या इहिरीले."

त्याच्यामागे पारावरच्या एकेकानं हरकत नोंदवली. विहीर पाराशेजारी हवी म्हणणारे होते तेच सगळे. साहेबांना रिवाज समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. त्यांनी तो नीट ऐकला आणि सरळ प्रश्न केला, "मग जागा कुठली?"

पुरुषांनी चार जागा सांगितल्या आणि चारींवर आपसांत वाद घातला. साहेब कोपऱ्यावर थांबलेल्या पाठमोऱ्या बायकांकडे पाहत होते. "यांना विचारा ना," ते म्हणाले.

विचारणार कोण? गंगाबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती कोपऱ्यावर गेली. पाठी काही वळल्या नाहीत, पण कुजबुज बरीच झाली. ती परत येऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"आखरापाशी म्हणते त्या."

आखर म्हणजे गावकुसाजवळची गुरं जमवायची मोकळी जागा. सगळ्या बोळांची तोंडं तिकडं निघत होती, आणि पारावरून ती दिसत नव्हती.

"तिथं पाणी लागन का?" महादेवरावांनी शंका काढली.

"आखराच्या खालीच झिरा हाये, काका. वैशाखातबी पाझरते."

"तिकडल्या वस्तीलेबी जवळ पडन ते," पारावरून एक कुरकुरता आवाज आला. आखरापलीकडे गोंडांची आणि मजुरांची घरं होती.

"सरकारी विहीर आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांचीच." ठराव एकमतानं मंजूर झाल्याचं लिहिलं गेलं, आणि महादेवरावांनी राहिलेली एकी थोडक्यात आटोपली.

पुनाजीनं त्या रात्री जेवताना एवढंच विचारलं, "सभेत तू बोलली म्हणते लोक?" तो घरजावई असल्यानं गावच्या भानगडीत पडत नसे.

"मी कायले बोलन? रूपादादानं हरकत घेतली," गंगाबाई म्हणाली आणि त्याला आणखी वरण वाढलं.

पुढच्या वर्षी आखरापाशी विहीर झाली. खोदायला केशव होता, तशी पारावरची तरणी पोरंही होती. पाणी गोड लागलं. केशवनं घराची मागची भिंत फोडून तिथं दार बसवलं, आणि पद्माच्या खेपा दिवसभर सुरू झाल्या. ती प्रत्येक खेपेला गरजेपेक्षा जास्त वेळ लावते हे गंगाबाईच्या ध्यानात आलं. एकदा जाऊन पाहिलं तर काठावर आठ-दहा सुना बसल्या होत्या, पदर खांद्यावर, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. सासूला पाहून पद्मा उठू लागली.

"बस," गंगाबाई म्हणाली. "घरी कोनाची तहान अडली नाई."

आता तिचे हात दिवसभर रिकामे राहू लागले. रिकामं बसायची सवय नव्हती. ती सूप घेऊन पारावर जाऊ लागली. गावची लेक, तिला मनाई कोण करणार? पायरीवर बसून ती शाळेच्या गळक्या कौलांबद्दल, नाल्यावरच्या फरशी पुलाबद्दल आणि चावडीतल्या दिव्याबद्दल महादेवरावांना रोज काहीतरी विचारी, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नसे. ब्लॉकचे साहेब आले की खुर्ची पायरीजवळ मांडायला सांगत.

"गंगे," एक दिवस महादेवराव कंटाळून म्हणाले, "इहीर इथंच केली असती तं बरं झालं असतं. तू तरी पाण्यात गुंतून राह्यली असती."

गंगाबाईनं तुरीतला खडा शोधून बाजूला फेकला. "कौलाईचं काय झालं ते सांगा, काका," ती म्हणाली.