चार फूट आणि एक बोट

आमची लेक ओवी चार फुटांची झाली म्हणून आम्ही गोराईला गेलो. याहून मोठं कारण नव्हतं, आणि आमच्या घरात तेवढं पुरेसं होतं.

झालं असं, की गेल्या वर्षी तिच्या वर्गातली एक मुलगी खाडीपलीकडच्या थीम पार्कात जाऊन आली. तिथे लाल ड्रॅगनची एक गाडी आहे. ती उंच चढते, वळते आणि धाडकन खाली येते. त्या गाडीत बसायला चार फूट उंची लागते. ओवी तेव्हा सहा वर्षांची, दोन इंच कमी. मी म्हटलं, चार फूट झालीस की त्याच महिन्यात जाऊ. त्या दिवसापासून बाईसाहेब कुरकूर न करता दूध प्यायला लागल्या आणि जमेल तिथे लोंबकळायला लागल्या.

घाटकोपरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर माझे वडील, आप्पा, दर महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलीने तिची उंची मांडतात. आप्पा पस्तीस वर्षं बस कंडक्टर होते, त्यामुळे हे काम ते ड्यूटीवर असल्यासारखं करतात. टाचा चौकटीला टेकलेल्या, हनुवटी सरळ, डोक्यावर आडवी फूटपट्टी. फेब्रुवारीच्या एक तारखेला ती चार फूट आणि वर आप्पांचं एक आडवं बोट भरली. त्या संध्याकाळी शिरा झाला आणि स्नेहलने, म्हणजे माझ्या बायकोने, शनिवार-रविवारसाठी गोराई गावात एक खोली फोनवरून ठरवून टाकली.

जाणार असाल तर आमचा रस्ता सांगतो. घाटकोपरहून मेट्रोने डी. एन. नगर, तिथे पुलावरून दुसरी मेट्रो पकडून बोरिवली पश्चिम. पुढे रिक्षाने गोराईची जेटी. गाडी नेलीत तर भाईंदरवरून लांबचा फेरा पडतो, मुलं वाटेतच ओकतात. मेट्रोच्या गेटापाशी लहान मुलांची उंची बघायची खूण असते. आमचा धाकटा, तीन वर्षांचा अर्णव, कसाबसा तिच्याएवढा होता. ओवी मात्र मुद्दाम तिथे जाऊन ताठ उभी राहिली, खूण तिच्या खांद्याच्याही खाली आली, आणि स्वतःचं तिकीट स्वतः मशीनवर लावून ती आत गेली. मागे वळून तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान डोलावली. सकाळचा तो प्रसंग मी पुढे दिवसभर विसरायचा प्रयत्न करत होतो.

फेरीबोट पाच-सात मिनिटांची. माणसं, मोटरसायकली, मासळीच्या रिकाम्या टोपल्या, सगळं एकत्र. दोन्ही काठांना तिवरांची गर्दी आणि लांब पॅगोड्याचा सोनेरी कळस. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत, म्हणून आम्ही घावणे आणि चटणीचा डबा पलीकडच्या धक्क्यावरच संपवला. तुम्हीही तसंच करा, आत सामोसासुद्धा परवडत नाही. धक्क्यावरून पार्कापर्यंत रिक्षा मिळतात, घासाघीस करायची तयारी ठेवा.

आता तिकीटखिडकी. इथपर्यंत मी या ब्लॉगवर लिहितो तसाच माणूस होतो, थोडा शहाणा, थोडा बढाईखोर. पार्काचं नाव मी लिहीत नाही, कारण जे झालं त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

खिडकीशेजारी पुठ्ठ्याचा एक जिराफ उभा होता. त्याच्या मानेवर चार फुटांची रेघ. रेघेच्या आत असलेल्या मुलांना लहानांचं तिकीट आणि मनगटाला पिवळा पट्टा, वर असलेल्यांना पूर्ण तिकीट आणि निळा. फरक साडेतीनशे रुपयांचा. माझ्याकडे साडेतीनशे रुपये होते. हे मी आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला माझी कीव यायला नको. अंधेरीला माझी बरी नोकरी आहे, आणि साडेतीनशे रुपये मी कॉफीवर विचार न करता घालवतो.

रांगेत माझ्यापुढे माझ्याच वयाचा एक गृहस्थ होता. त्याचा मुलगा जिराफापाशी असा काही आखडून उभा राहिला, की डोकं आपोआप रेघेखाली गेलं. त्याने हसत मागे वळून ओवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बॉस, जरा वाकव ना तिला. कोण टेप घेऊन बसलंय इथे?"

मी पण हसलो. त्याच्यासारखं हुशार दिसावं, एवढंच त्या क्षणी मनात होतं. मी ओवीच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, गुडघे थोडे वाकव, फ्रॉकमुळे दिसणार नाही. ती म्हणाली, पण मी चार फूट आहे. मी म्हटलं, हो गं, पण इथे नको, इथे लहान हो. तिने माझ्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि मग गुडघे वाकवले. शहाण्या मुलीसारखे, सांगितल्याबरहुकूम. खिडकीतल्या मुलीने जिराफाकडे नीट पाहिलंही नाही. पिवळा पट्टा मिळाला. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं आणि अर्णवला कडेवर घेतलं. आप्पा बाजूच्या कठड्याला टेकून उभे होते. ते जिराफाकडे बघत नव्हते, ओवीच्या पायांकडे बघत होते.

दिवस मात्र झकास गेला. तो वाईट गेला असता तर मला बरं वाटलं असतं. फिरत्या कपांत अर्णव खदखदून हसला. स्नेहल आणि मी बऱ्याच वर्षांनी एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या चालवल्या, तिने मला तीनदा कोपऱ्यात घातलं. पाण्याच्या भागात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे घरूनच न्या, तिथे भाड्याने घ्यायला रांग लागते. आप्पा कशात बसले नाहीत. चपला आणि पिशव्या सांभाळत बाकावर बसून राहिले. मी दोनदा बोलवायला गेलो. दोन्ही वेळा म्हणाले, तुम्ही जा, मी इथे ठीक आहे. आप्पा चिडले की मालवणी सोडून असं स्वच्छ शहरी मराठी बोलतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मी उन्हाला दोष दिला.

अर्णवला मात्र नवा खेळ सापडला होता. कुठलाही खांब दिसला की तो तिथे जाऊन गुडघे वाकवायचा आणि ओरडायचा, "मी लहान!" लोक कौतुकाने हसत होते. मी त्याला प्रत्येक वेळी ओढून पुढे नेत होतो.

ड्रॅगन ओवीने शेवटासाठी राखून ठेवला होता. जेवतानाही ती आवडता पदार्थ ताटाच्या कडेला सरकवून ठेवते, तसाच. साडेचारला आम्ही त्या रांगेत उभे राहिलो. पुढे फळीवर रंगवलेला एक शिपाई होता, हात आडवा केलेला. त्याच्या हाताला डोकं लागलं तर आत. पाळी आली तशी ओवी फळीपाशी गेली आणि तिने गुडघे वाकवले. अगदी तेवढेच, सकाळी शिकवले होते तेवढेच.

तिथे काम करणारी मुलगी वाकून तिला म्हणाली, "बाळा, थोडी कमी पडतेस. पुढच्या वर्षी ये हं."

मी म्हटलं, अगं ओवी, नीट उभी राहा. ओवीने मान वळवली आणि विचारलं, "बाबा, गेटवरच्यासारखी की घरच्यासारखी?"

तिचा आवाज मुळातच खणखणीत आहे. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मागे कुणीतरी हसलं. मी खालच्या आवाजात म्हणालो, घरच्यासारखी. मग ती टाचा जुळवून, हनुवटी सरळ ठेवून उभी राहिली, आप्पा शिकवतात तशी, आणि डोकं शिपायाच्या हाताला लागून वर एक बोट उरलं. त्या मुलीने ते पाहिलं. मग ओवीच्या मनगटावरचा पिवळा पट्टा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिने आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो, मुंबईत तेवढं येतंच. पण ती हळू म्हणाली, "सर, पिवळ्या पट्ट्याला नाही घेता येत. तिकीट बदलून आणा, मी थांबते शक्य तेवढं."

मी धावलो. खरंच धावलो, पोट सांभाळत, मुलांच्या गाड्या चुकवत. खिडकीवर एका कंपनीची सहल आली होती. पट्टा बदलून देत नाहीत, नवं पूर्ण तिकीट घ्यावं लागतं, ते मी घेतलं. निळा पट्टा मुठीत धरून परत आलो तेव्हा गाडीपुढे साखळी लावलेली होती. शेवटची फेरी पाचची, हे फलकावर सकाळपासून लिहिलेलं होतं. गाडी वर चढत होती. ओवी बाकावर आप्पांना चिकटून ती बघत होती. रडत नव्हती. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसून पट्टा दाखवला आणि सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे बाबा. मी लहानच आहे."

एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. सबंध वर्ष तिने जे मिळवलं होतं ते मी हसत हसत काढून घेतलं होतं, तेसुद्धा एका अनोळखी माणसाने बॉस म्हटलं म्हणून.

खोली गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत होती. तिथल्या मावशींनी बोंबील तळले आणि मुलांना चिंबोरीचं कालवण कमी तिखट करून वाढलं. खोली स्वच्छ, पंखा जोरदार, जेवण आधी सांगावं लागतं. जेवणं झाल्यावर अंगणात आप्पांशेजारी जाऊन मी उभा राहिलो. मी काही म्हणायच्या आधी ते बोलले, आणि मालवणीत बोलले, म्हणजे राग जाऊन आता फक्त वाईट वाटत होतं.

"माझ्या गाडीत दाराजवळच्या दांड्यावर लाल पट्टो होतो, अर्ध्या तिकिटाचो. आयो पोरांका वाकवीत. माका गुडघ्यांवरून समजायचा. तरी मी अर्धाच तिकीट फाडी."

मी विचारलं, का?

"त्येंच्याकडे नव्हते रे बाबू. तुझ्याकडे आसत."

लहानपणी मी त्यांच्या बसमध्ये त्या लाल पट्ट्यापाशी टाचा उंचावून उभा राहायचो. पट्ट्याच्या वर गेलो त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे टाकून मला पूर्ण तिकीट फाडून दिलं होतं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, फुल! मी ते तिकीट कंपासपेटीत वर्षभर ठेवलं होतं. हे मला त्या अंगणात आठवलं. सकाळी तिकीटखिडकीवरच आठवलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी ओवीला म्हटलं, चल, आपण दोघंच परत जाऊ, पूर्ण तिकीट काढून, फक्त ड्रॅगन. ती नको म्हणाली. मी फार आग्रह केला तेव्हा स्नेहलने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "सोड आता. तुला बरं वाटावं म्हणून तिने बसायचं का?" मग म्हणाली, "मी तरी कुठे बोलले काल." त्यामुळे आम्ही किनाऱ्यावर गेलो. गोराईचा किनारा पोहण्यासाठी नाही, पण सकाळी नऊपर्यंत चालायला छान आहे. मुलांनी वाळूत खड्डा खणला, आप्पांनी नारळपाणी पाजलं, आणि दुपारच्या बोटीने आम्ही निघालो. मेट्रोच्या खुणेपाशी ओवी या वेळी थांबली नाही.

ब्लॉगवर शेवटी मी नेहमी जावं की जाऊ नये ते लिहितो. जा. मुलं तीन ते दहा वर्षांची असतील तर जरूर जा, आवडती राइड आधी उरका, आणि तिकीटखिडकीवर मुलांना सरळ उभं राहू द्या.

काल मार्चची एक तारीख होती. आप्पा पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन चौकटीपाशी आले. ओवी आली, पण उभी राहिली नाही. म्हणाली, आज आधी बाबा. आप्पांनी पेन्सिल तिच्या हातात दिली. मी चौकटीला पाठ लावली, टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ केली. ओवी स्टूल घेऊन आली. पण स्टुलावर चढण्याआधी ती खाली बसली आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मागून हात फिरवून तिने ते नीट तपासले. मग वर चढून रेघ मारली.