न झोपणारा लॅपटॉप

आप्पासोंच्या दुकानात शिरलं की पहिल्यांदा दिसतं ते त्यांचं आंबट तोंड. ते फौजेत, संदेश पाठवायच्या सिग्नल दलात हवालदार होते. आता वडूजच्या स्टँडमागं टेबल मांडून लॅपटॉप दुरुस्त करतात. कुणी "आप्पा, बॅटरी बदला" म्हणत आत आला, की ते दाराकडं बोट दाखवतात. "बदलणारे लय हायत बाजारात. हितं आदी बगायचं असतंय."

मी त्या बदलणाऱ्यांकडूनच आलो होतो. माझी बहीण शिवांजली मेंढ्यांच्या नोंदणीचं कंत्राटी काम करते. माळावर मेंढ्या बसलेल्या असतील तिथं जायचं आणि प्रत्येक मेंढीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर जागेवरच लॅपटॉपमध्ये भरायचा. तिथं वीज नाही. पुण्याच्या चुलतभावाचा जुना, गेम खेळायचा लॅपटॉप तिच्याकडं होता, तो दीड तासात मान टाकायचा. सोमवारपर्यंत नोंदी पूर्ण झाल्या नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ, असं ऑफिसनं कळवलं होतं.

पहिल्या दुकानदारानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं ती काढून आणखी एक घातली. त्यानं तर लॅपटॉप चालू करायच्या आधीच पानाची पिचकारी मारून निदान सांगितलं. तो माणूस आठवला तरी शिसारी येते. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा दीड तासात बंद.

त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांसमोर शिवांजलीवर तोंड सोडलं. "दिवसभर पिक्चर बगत बसतीस, मग बॅटरी टिकंल कशी?" ती "न्हाई रं दादा" एवढंच म्हणाली आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचीच बंद झाली.

आप्पासोंनी चार्जर काढला, सगळं बंद केलं आणि लॅपटॉपवर तळहात ठेवून बसून राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, "काईच चालू न्हाई, मग ह्यो तापतोय कशानं?"

मग त्यांनी स्क्रीनवर आकडे काढले. बॅटरी ठणठणीत होती.

"ह्यात चित्रं दावायला दोन चिप हायत," ते म्हणाले. "एक बारकी, रोजच्या कामाची. एक दांडगी, गेमसाठी. काम नसलं की दांडगीनं झोपायचं. तुजी झोपतच न्हाई. दारात ट्रॅक्टर हुबा आन् इंजिन दिवसभर सुरू, तशातली गत. तिला कोण जागं ठेवतंय बगू."

बघायला वेळ लागला नाही. स्क्रीनवर म्हसवडच्या सिद्धनाथाचा फोटो होता. पुढं दोन समया आणि त्यांच्या ज्योती सारख्या हलणाऱ्या. त्या झोकात हलाव्यात म्हणून त्याला दांडगी चिप जोडून दिलेली.

"ह्ये कुणी केलं?"

मी केलं होतं. खंडेनवमीला ट्रॅक्टरची, विळ्या-कोयत्यांची पूजा झाली, तेव्हा लॅपटॉपलाही हळद-कुंकू वाहिलं आणि हौसेनं हे चित्र लावलं. आठ दिवसांनी शिवांजली म्हणाली होती, "दादा, ह्ये लावल्यापासनं तापतोय, काढू का?" देवाचा दिवा मालवायचा नाही, म्हणून मीच तिला दटावलं होतं.

आप्पासोंनी चार्जर परत ठेवायला लॅपटॉपची पिशवी उघडली तर आतून एक वही निघाली. पानापानावर शिवांजलीच्या अक्षरात बारा बारा आकडे. लॅपटॉप बंद पडल्यावर ती रोज हातानं नंबर उतरवत होती. ऑफिस ते घेत नव्हतं, तरी उतरवत होती. पिक्चर! मला माझीच किळस आली. घरात काय बोललो ते मी आप्पासोंना सांगून टाकलं.

त्यांचं तोंड आणखी आंबट झालं. "त्यांनी न बगता बॅटरी बदलली, तू न बगता बहिणीला बोललास. फरक काय रं?"

त्यांनी फोटोला हात जोडले आणि ज्योती थांबवल्या. देव आहे तिथंच राहिला. पंख्याची घरघर हळूहळू बसली.

सोमवारी माळावर मी मेंढ्यांचे कान धरले आणि शिवांजलीनं वहीतले सगळे नंबर पहिल्यापासून भरले. दिवस मावळताना शेवटची नोंद गेली, तेव्हाही बॅटरी सात टक्के शिल्लक होती. दिवसभरात ती फक्त "फुडची धर" एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी कंदी पेढे घेऊन मी आप्पासोंकडं गेलो. त्यांनी पुडा उघडलाच नाही.

"तिची माफी मागितलीस?"

"काम झालं की आप्पा."

पुडा माझ्याकडं सरकला. "पैला तिला. मग हिकडं."

घरी येऊन मी पुडा शिवांजलीपुढं ठेवला. "चुकलं माजं," मी म्हणालो. तिनं एक पेढा उचलला आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"बस की दादा," ती म्हणाली. "कंचा पिक्चर लावू?"