आठवा बोल्ट

ताईच्या खांद्यावर लाल फडकं असलं की तिच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या वर्कशॉपमधला पहिला नियम. आग लागली तरी नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "आधी मला पाना खाली ठेवू दे, मग सांग," ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. ताईला थट्टा करता येतच नाही, ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

ताई इंजिनं बांधते. बंद पडलेली गाडी चालू करून देणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्यातली ती नव्हे. उत्तम चालणारी गाडी ज्यांना पुरत नाही अशी माणसं तिच्याकडे येतात. कंपनीने दिलेलं इंजिन ती पार सांगाड्यापर्यंत उघडते, आतले पिस्टन, रॉड, बेअरिंग बदलते आणि दुप्पट ताकदीचं करून परत बसवते. पंचवीस वर्षं हेच चाललंय. मापाची तर तिला बाधाच झालेली आहे. एकच माप ती तीनदा घेणार, दोनदा आज आणि एकदा उद्या सकाळी, कारण दुपारच्या उकाड्यात धातू फुगतो. एकदा एक स्थळ सांगून आलं होतं. आई म्हणते, हिने त्या बिचाऱ्याला नजरेने इतकं मोजलं की तो चहा अर्धा टाकून गेला.

आणि दुसरा नियम खुणेचा. बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्या डोक्यावर पांढऱ्या मार्करने एक रेघ ओढायची. ज्याने आवळला त्यानेच ओढायची, दुसऱ्याने त्या मार्करला हातही लावायचा नाही. ताईचं म्हणणं असं, की माणसाची आठवण दगा देते, म्हणून आठवणीवर जायचं नाही, खुणेवर जायचं. रेघ आहे म्हणजे बोल्ट आवळलेला आहे, विषय संपला.

मी हा नियम मोडला. एक सेंटिमीटरसुद्धा नसेल एवढी रेघ ओढली आणि माझ्याच बहिणीच्या जिवावर उठलो. तेच सांगायला बसलोय.

गाडी एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांची होती. चारही चाकांना ताकद देणारी सेडान, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. दिसायला अशी साधी की सोसायटीच्या सेक्रेटरीची वाटावी. कंपनीने तिला दोनशे ऐंशी हॉर्सपॉवर दिली होती, डॉक्टरांना साडेपाचशे हव्या होत्या. दिवसभर लोकांना झोपवणाऱ्या माणसाला संध्याकाळी जागं व्हावंसं वाटत असेल, असं मी म्हणालो. ताई हसली नाही. ती म्हणाली, "साडेपाचशेला कंपनीचे रॉड टिकणार नाहीत. आधी ते बाहेर."

कनेक्टिंग रॉड म्हणजे इंजिनातला हात. वरचा पिस्टन आणि खालचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, यांना तो जोडतो, आणि त्याची खालची पकड दोन बोल्टांवर असते. चार रॉड, आठ बोल्ट. इंजिन जोरात फिरत असताना यातला एक जरी सुटला, तर रॉड मोकळा होऊन इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. तसं फुटलेलं एक इंजिन आमच्याकडे आलं होतं. त्यातून मूठ आरपार जात होती. म्हणून ताई हे आठ बोल्ट दोन टप्प्यांत आवळते. आधी आठही थोडे, मग एकेक करून पूर्ण, आणि प्रत्येकावर रेघ.

त्या दिवशी तिने सात पूर्ण केले आणि वरून आईची किंकाळी आली. आमचं घर वर्कशॉपच्या वरच आहे. आई न्हाणीघरात घसरली होती. ताई खांद्यावरच्या फडक्यासकट जिना चढली. पंचवीस वर्षांत काम अर्धवट टाकून ती उठली, ती तेवढी एकदाच. आईचा उजवा हात मनगटाजवळ मोडला होता. दोन दिवस ताई हॉस्पिटलमध्ये होती आणि वर्कशॉप मी सांभाळत होतो.

डॉक्टरांना प्रत्येक टप्प्याचे फोटो हवे असायचे. मी उघड्या इंजिनाचा फोटो काढायला गेलो तर सात बोल्टांवर रेघ होती आणि एकावर नव्हती. मला वाटलं, तेलाने पुसली गेली. तसं होतं कधीकधी. फोटोत ती एक बोडकी जागा बरी दिसेना. मी मार्कर घेतला, नीट रेघ ओढली, फोटो काढला आणि विसरून गेलो. जेवढा वेळ हे सांगायला लागला तेवढाही त्याला लागला नसेल.

तीन आठवडे गेले. ताईने उघडं इंजिन जोडून बंद केलं, गाडीत बसवलं, मी वायरिंग आणि कॉम्प्युटर जोडला. डायनोचा दिवस ठरला. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले मोठे रोलर. गाडीची चारही चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची, म्हणजे ताकद मोजता येते. डॉक्टरांनी त्यासाठी सुट्टी काढली होती.

त्या सकाळी आम्ही तिघं वर नाश्ता करत होतो. आई डाव्या हाताने चमचा धरून खात होती. ती म्हणाली, "माझ्यामुळे त्या दिवशी तुझं काम अडलं, नाही का गं?"

"अडलं कुठे," ताई म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, शेवटचा बोल्ट राहिला. परत येऊन बघते तर रेघ ओढलेली. म्हातारी झाले मी, आई."

आणि ती चक्क हसली. माझा घास तोंडातच राहिला.

तेव्हाच सांगायचं होतं. "ताई, ती रेघ माझी," पाच शब्दसुद्धा नाहीत. पण मी मूग गिळून बसलो. बारा वर्षं ताईने मला वायरिंगच्या पलीकडे येऊ दिलं नव्हतं. "तू घाई करतोस," एवढंच कारण द्यायची. गेल्या वर्षी कुठे मला इंजिनाजवळ उभं केलं होतं. आता हे सांगितलं की आयुष्यभर पुन्हा वायरी. मग मी मनाला गूळ लावायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्याला तर आवळलेला असणारच. कदाचित पूर्णही आवळला असेल आणि रेघ तेवढी राहिली असेल. चहा झाला की सांगू. गाडी डायनोवर चढली की सांगू. डॉक्टर जरा बाजूला गेले की सांगू.

डॉक्टर बाजूला जाईनात. पांढरा शर्ट घालून, नातवाचं बारसं असावं तशा उत्साहात ते फिरत होते. गाडीत मी बसायचं, असं ठरलेलंच होतं. पाय एक्सलरेटरवर आणि डोळे लॅपटॉपवर. बोनेट काढून ठेवलेलं होतं. ताई समोर डाव्या मडगार्डपाशी उभी राहिली आणि तिने तळवा मडगार्डवर ठेवला. ही तिची जुनी खोड. बाकीचे काचेच्या मागे उभे राहतात, ही इंजिनाशेजारी. कानाला कळायच्या आधी हाताला कळतं म्हणते. माझ्या सीटवरून मला तिचं मनगट, पोट आणि त्यापासून दोन वीत अंतरावर इंजिन, एवढं सरळ दिसत होतं.

"कमी बूस्ट," ती म्हणाली. बूस्ट म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब. "पहिली फेरी."

मी तोंड उघडलं. "ताई..."

"काय?"

"काही नाही. पट्टे बघितलेस ना?"

"तीनदा," ती म्हणाली.

मी पाय दाबला. रोलर घुमायला लागले, काटा तीन हजार, चार, पाच, सहा. मी लॅपटॉपकडे बघायचं सोडून तिच्या हाताकडे बघत होतो. माझी पाचावर धारण बसली होती. साडेसहा हजारांवर पाय काढला. तीनशे साठ हॉर्सपॉवर. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

आता मला वाटायला लागलं की बोल्ट ठीक असणार. भित्र्या माणसाला असा आधार फार लवकर सापडतो. तीनशे साठला टिकला म्हणजे आवळलेलाच आहे, असं मी ठरवून टाकलं. ताईने बूस्ट वाढवायला सांगितलं, मी वाढवलं. दुसरी फेरी. यावेळी गाडी पट्ट्यांना ओढ देत मागून खाली बसली, छताचे पत्रे थरथरले, वरून आईने काहीतरी विचारल्याचं अर्धवट ऐकू आलं. चारशे चाळीस. मी पाय काढला. ताईने काचेतून माझ्याकडे बघितलं.

"घामाने भिजलायस. पंखा लावू का?"

"नको."

"छान चाललंय," ती म्हणाली. असं ती कधी म्हणत नाही. "आता पूर्ण बूस्ट. सात हजारांपर्यंत जा. पाय मध्येच काढायचा नाही."

तिसरी फेरी सुरू झाली. तीन हजार. टर्बोने श्वास घेतला आणि गाडी अशी उसळली की पाठ सीटला चिकटली. चार हजार. ताई अजून पुढे वाकली, तिला काहीतरी नीट ऐकायचं होतं. तिचं डोकंच इंजिनावर आलं. केसांत पांढरी बट होती. मला ती त्याआधी कधी दिसली नव्हती. पाच हजार झाले आणि मी पाय काढला, चावी फिरवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो.

रोलर थांबले. ताई खिडकीशी आली. "काय झालं? आवाज तर साफ होता."

"आठवा बोल्ट," मी म्हणालो. "त्याच्यावरची रेघ माझी आहे. फोटोसाठी ओढली होती. तू आवळलाच नव्हतास."

तिने एकदा डोळे मिटले. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "गाडी चालू करायची नाही आता. ढकलावी लागेल. हात लावाल का?"

आम्ही तिघांनी गाडी ढकलत लिफ्टवर नेली. डॉक्टरांच्या शर्टाचं वाटोळं झालं. मग वाट बघणं. गरम तेल लगेच काढता येत नाही. ताई स्टुलावर बसून राहिली, तिने माझ्याकडे बघितलं नाही. तेल निथळलं, एक्झॉस्टचा पाइप काढला, मग इंजिनाखालचं तेलाचं पात्र, ज्याला आम्ही चेंबर म्हणतो, ते उतरवलं. तिने खांद्यावर लाल फडकं टाकलं, हाताने क्रँक फिरवून चौथा रॉड खाली आणला आणि टॉर्कच्या पान्याने आठव्या बोल्टला जोर दिला.

बोल्ट पूर्ण आवळलेला असेल तर पाना जागेवरच कट् करतो. तो फिरला. पाव फेरा फिरला, आणखी फिरला, तरी कट् आला नाही. डॉक्टरांना पान्यातलं काही कळत नव्हतं, पण ताईचा चेहरा कळला. ते मागे सरकले.

ताईने पाना काढला. "हा रॉड, त्याचे बोल्ट, बेअरिंग, सगळं नवीन टाकणार. बाकीचे सहाही उघडून परत बघणार. पंधरा दिवस द्या. चूक आमची आहे."

"अहो, चूक कसली," डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यांनी ऐनवेळी पाय काढला नसता तर? आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये असं तोंड उघडणारी माणसं कमी असतात. गाडी वाचवलीत हो तुम्ही, ताईंचा जीवही."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण मी मान हलवली. हो, मान हलवली मी.

डॉक्टर रिक्षा करून गेले. ताई हात धुवायला नळावर गेली. साबण लावून, घासून, परत साबण लावून. पाठमोरीच म्हणाली, "कधी लक्षात आलं तुझ्या?"

उत्तर तयार होतं. तिसऱ्या फेरीत, पाच हजारांवर. डॉक्टरांनी ते शिजवून ताटात वाढूनच ठेवलं होतं, मला फक्त उचलायचं होतं. कुणालाही कधीही कळलं नसतं.

"सकाळी," मी म्हणालो. "नाश्त्याला. तू आईला सांगितलंस तेव्हा."

तिने नळ बंद केला, टॉवेलने एकेक बोट पुसलं.

"म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या," ती म्हणाली.

"ताई, मला वाटलं..."

"बोल्टाचं काही नाही रे. बोल्ट मी टाकून गेले होते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी तिचे पाय धरले असते, रडलो असतो, काहीतरी करता आलं असतं. "पण मी तिथे उभी होते. तू माझ्याकडे बघत होतास."

बघतच होतो.

ती जिना चढून वर गेली. दार उघडंच होतं. आई जेवायची थांबली होती, तिने विचारलेलं मला खाली स्पष्ट ऐकू आलं, "काय गं, एवढा उशीर? झालं का गाडीचं?"

"राहिलं थोडं," ताई म्हणाली. "एक बोल्ट ढिला होता. याच्या लक्षात आलं, याने लगेच सांगितलं."

"बघ, मी म्हणत नव्हते? तू उगाच त्याला लांब ठेवायचीस. हाक मार त्याला जेवायला."

ताईने हाक मारली. नेहमीच्याच आवाजात मारली. मी खाली उघड्या इंजिनाखाली उभा होतो. ती दुसऱ्यांदा हाक मारेपर्यंत माझा पाय काही पहिल्या पायरीवर पडला नाही.