इस्त्रीबाईंची घडी

इस्त्रीबाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख बाकीच्या नखांपेक्षा चपटं आहे. त्यांच्या वडिलांचं लाँड्रीचं दुकान होतं. वडील इस्त्री फिरवायचे आणि शाळेतून आल्यावर ही घडी घालून तिच्यावर नख ओढायची. "घडी अशी हवी की गिऱ्हाइकाला मोडावीशी वाटू नये," असं वडील म्हणत. दुकान बंद पडलं, नख राहिलं. नावही राहिलं.

गेली एकोणीस वर्षं त्या कपड्यांच्या नाही, पिशव्यांच्या घड्या घालतात. या पिशव्या बाजाराच्या नव्हेत. काही औषधं जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागतात. त्या पेशी वाढवायला पूर्वी स्टीलच्या टाक्या असत, आणि प्रत्येक खेपेनंतर त्या धुवाव्या, वाफेनं निर्जंतुक कराव्या लागत. आता बऱ्याच ठिकाणी टाकीच्या आत एक पारदर्शक पिशवी बसवतात, तिच्यात पोषक द्रव आणि पेशी सोडतात, आणि काम झालं की पिशवी टाकून देतात. एका पिशवीत दोनशे लिटर मावतात. जाडी पोस्टकार्डाएवढी, पण त्यात थर पाच. आतला पेशींना न बाधणारा, मधला हवा अडवणारा, बाहेरचा धक्के खाणारा, आणि त्यांना धरून ठेवणारे आणखी दोन.

"बाहेरचा थर म्हणजे घरातली थोरली सून," असं इस्त्रीबाई नव्या मुलींना सांगतात. त्या स्वतः थोरल्या सून आहेत.

धाकटे दीर त्याच कारखान्यात आहेत. पिशव्या ज्या फिल्मच्या बनतात तिचं यंत्र ते चालवतात. प्लास्टिकचे दाणे वितळून त्यांचा पातळ पडदा होतो आणि रुळांवरून गुंडाळीवर जातो, तिथे त्यांची नजर. आठ महिन्यांपूर्वी नवी फिल्म सुरू झाली. जुनीपेक्षा मजबूत, ओढून फाटत नाही, टोचून फाटत नाही. तिची पहिली गुंडाळी निघाली त्या दिवशी भाऊजींनी घरी पेढे आणल्यासारखा चेहरा करून तिचा वीतभर तुकडा आणला होता आणि सगळ्यांना ओढायला लावला होता. कुणालाच फाडता आला नाही. इस्त्रीबाईंच्या नवऱ्यानं दातही लावून पाहिले.

मग एका गिऱ्हाइकाकडून सात पिशव्या परत आल्या. प्रत्येकीला सुईच्या टोकाएवढं छिद्र, काहींना दोन-तीन. भरल्यावर द्रव पाझरला, आणि आतला सगळा माल वाया गेला. छिद्रांभोवती गिऱ्हाइकानं लाल पेनानं गोल काढले होते.

गुणवत्ता विभागाच्या मॅडम कडक पण सरळ आहेत. त्यांनी सातही पिशव्या टेबलावर सपाट पसरल्या, खालून दिवा लावला आणि इंजिनिअरांना बोलावलं. छिद्रं सांध्यावर नव्हती, नळ्यांच्या तोंडाशी नव्हती. पिशवीच्या मोकळ्या अंगावर होती. शिवाय प्रत्येक पिशवीत हवा भरून, दाब उतरतो का हे वीस मिनिटं पाहून मगच ती पुढे गेलेली, आणि तेव्हा सगळ्या पास. म्हणजे फिल्ममध्येच काही अशक्त राहिलं असणार, जे नंतर उघडं पडलं. असं ठरलं की शुक्रवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर तीन आठवड्यांची फिल्म भंगारात जाईल आणि यंत्र दुसऱ्या माणसाकडे.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी भाऊजी भाजीत चमचा फिरवत बसले होते.

"सांध्यावर फुटली असती तर वेल्डिंगवाल्यांचं डोकं खाल्लं असतं," ते म्हणाले. "फुटली मधोमध. मधोमध काय असतं? फिल्म. फिल्म कुणाची? माझी."

"दाणे नीट वाळवले होते ना, भाऊजी?"

"वहिनी, तुम्ही पण?"

"विचारलं फक्त."

"सकाळपासून सगळे फक्त विचारतायत." त्यांनी ताट सरकवलं. "सव्वीस वर्षं त्या यंत्राशी संसार केला. आता म्हणतात, जरा गोदामात बसा."

जाऊबाईंनी ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं. "गोदामातही जेवूनच बसतात," त्या म्हणाल्या.

परत आलेल्या पिशव्या जपून ठेवायला बुधवारी खोक्यात भरायच्या होत्या. ते काम घडीच्या टेबलावर आलं. इस्त्रीबाईंनी पांढरा पोशाख चढवला, दोन-दोन हातमोजे घातले आणि पहिली पिशवी उचलली. इंजिनिअरांनी ती पाच दिवस सपाट पाहिली होती. घडी घालून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण घडी हे त्यांचं काम नव्हतं. जुन्या रेषा फिल्मवर पुसट दिसत होत्या. हात आपोआप त्यांच्यामागून गेले. उभी घडी, आडवी घडी, पुन्हा उभी.

तीन लाल गोल होते. पिशवी सपाट असताना ते तीन दिशांना होते. घडी पूर्ण झाली तेव्हा तिन्ही एकाच कोपऱ्यावर येऊन एकमेकांवर बसले.

त्यांनी दुसरी पिशवी घेतली, मग तिसरी. सातही तशाच. जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तो बिंदू, आणि तिथे बारीक पांढरा ठिपका.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली, जी दुसऱ्या कुणाला दिसली नसती. पाच पिशव्यांवरची रेष पट्टी ठेवून मारल्यासारखी होती. मुलींच्या रेषा टोकाला थोड्या भरकटतात. ही भरकटली नव्हती. घडी घालणारीचा नंबर बाहेरच्या पाकिटावर असतो, आणि ती पाकिटं गिऱ्हाइकानं तिथेच फेकली होती. कागदावर काही नव्हतं. रेष मात्र सही केल्यासारखी होती.

हवेची तपासणी घडीच्या आधी होते. घडीनंतर कुणी काही तपासत नाही. जुनी फिल्म मऊ होती, तिनं त्यांचं नख एकोणीस वर्षं पोटात घातलं. नवी मजबूत होती, पण ताठ.

पिशव्या तशाच ठेवून त्या मधल्या सुट्टीत चहाला गेल्या. चहा मात्र प्यायल्या नाहीत. त्यांनी शिकवलेल्या बारा मुली समोरच्या बाकांवर बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "मावशी, साखर कमी आहे का?"

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मॅडमच्या टेबलावर त्यांनी एक पिशवी घडी घालून ठेवली. कोपरा वर करून दाखवला.

मॅडमनी बराच वेळ तो कोपरा पाहिला. "ही घडी कुणाची?"

"माझी. सातातल्या पाच तरी माझ्याच."

"नंबर तर नाही यावर."

"नंबर कशाला पाहिजे? वडिलांचं दुकान गेलं, पण घडी ओळखू येते मला."

"मावशी, हे तुम्ही सांगितलं नसतं तर—"

"तर आमचे भाऊजी गोदामात बसले असते. आणि पिशव्या फुटतच राहिल्या असत्या. त्यापेक्षा मीच बसते."

मॅडमनी कुणाला कुठे बसवलं नाही, प्रयोग लावला. दहा पिशव्यांना इस्त्रीबाईंनी नेहमीसारखं नख ओढून घडी घातली. दहा पिशव्या फक्त वळवून दुमडल्या. सगळी खोकी दिवसभर हलत्या टेबलावर ठेवली, म्हणजे ट्रकमधल्यासारखे धक्के बसावेत. शुक्रवारी सकाळी पिशव्या उघडून हवा भरली. नखवाल्या दहांतल्या चार पिशव्यांचा दाब उतरला. दुसऱ्या दहांतल्या एकीचाही नाही. फिल्म भंगारात गेली नाही, यंत्र भाऊजींकडेच राहिलं. घडीनंतरही एक तपासणी सुरू झाली. नखानं दाबून गोदामात तयार ठेवलेल्या पाचशे पिशव्या मात्र बाद झाल्या, आणि त्यांची यादी करायला मॅडमनी इस्त्रीबाईंनाच बसवलं. शिक्षा म्हणून की ओळखता येतं म्हणून, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी भाऊजी जिन्यात भेटले.

"आठ दिवस माझ्या फिल्मला शिव्या बसल्या, वहिनी."

"आता घडीला द्या."

"देणारच होतो." ते एक पायरी खाली उतरले, थांबले. "पण ती रेष खरंच सरळ असते हो तुमची. मी पाहिली."

आता घडीच्या टेबलावर फोमची गोल लांब नळी असते. पिशवी तिच्याभोवती वळवायची, दाबायची नाही. भिंतीवर मॅडमनी मोठ्या अक्षरांत सूचना लावली आहे: 'घडी घालताना अंगठा वर.' पहिला महिना इस्त्रीबाई अंगठ्याला चिकटपट्टी लावून काम करत होत्या, कारण हात ऐकत नव्हता. मुली येता-जाता त्यांना अंगठा वर करून दाखवतात. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, इथलं वातावरण फार उत्साही आहे.

रविवारी घरी धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडतो. परवा त्या भाऊजींचा शर्ट घडी करत होत्या. कॉलरपासून खालपर्यंत नख गेलं, सरळ, एका दमात.

"वहिनी, अंगठा," भाऊजी पेपरामागून म्हणाले.

"हे सुती आहे, भाऊजी," इस्त्रीबाई म्हणाल्या. "तुमची फिल्म नाही." आणि दुसऱ्या बाहीवर नख ओढलं.