माझी रेघ खाली, तिची वर

आमच्या अंगणवाडीच्या दाराला एक काटा टांगलेला असायचा आणि काट्याला कापडाची झोळी. महिन्याच्या सुरुवातीला गावातली लेकरं एकेक करून झोळीत बसवायची, आकडा वाचायचा आणि ज्याच्या त्याच्या कार्डावर ठिपका द्यायचा. मागच्या महिन्याचा ठिपका याला जोडला की रेघ होते. रेघ वर गेली म्हणजे लेकरू वाढतंय, आडवी झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात मी वीसेक वर्षं हे काम केलं. दहावी शिकलेल्या बाईच्या हातात पेन्सिल आली आणि लेकरांची वाढ कागदावर दिसायला लागली, याचं नवल मला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

सांगते आहे ते हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती तेव्हाचं. माझं वय तिशीच्या आतबाहेर, आणि स्वभाव तापट. कुणी एक बोललं की मी दोन बोलणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वर्षी माझं अंग भरायला लागलं. भरायला कसलं, फुगायलाच. कासारणीनं माझ्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या परत पेटीत ठेवल्या. झंपरं शिवणीत उसवली. आवाज असा घोगरा झाला की लेकरांना गाणं शिकवायला लागले की ती टकामका बघत बसायची. फणीत केसांचा बुचका यायचा. उन्हाळ्यात बायका पदरानं वारा घेत आणि मी पाठीवर शाल ओढून बसलेली. बसल्या जागी डोळा लागायचा.

माझा नवरा वसमतला हळदीच्या आडतीवर मापाडी. दिवसभर पोती तोलणारा माणूस. एकदा डबा घेऊन गेले तर त्यानं मला काट्यावर उभं केलं. पन्नास किलोचं वजन टाकलं, मग वीस, मग एक. म्हणाला, "एक पोतं अन् वर एकवीस किलो. व्यापाऱ्याला दाखवू का?" आडतीवरचे हमाल हसले. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच गुपचूप चहा करून आणला.

पण खरी गोष्ट सुरू झाली ती चमच्यावरून. खिचडी शिजली की लेकरांना वाढायच्या आधी सेविकेनं चमचाभर चाखून बघायची, हा आमच्याकडचा रिवाज. खारट नाही ना, करपट नाही ना, आधी आपल्या तोंडात आणि मग लेकराच्या. एके दिवशी मी अशी चाखत होते आणि दारात एक आई उभी होती. तिची चार वर्षांची पोरगी आमच्याकडे यायची. त्या पोरीची रेघ वर्षभरापासून आडवी पडली होती. मी घरी जाऊन डाळ घाला, अंडं द्या, शेंगदाणे द्या, सगळं सांगून थकले होते. ती बाई माझ्या तोंडातल्या चमच्याकडे बघत राहिली आणि सगळ्या आयांसमोर म्हणाली, "माझी पोरगी जागच्या जागी, अन् ही फुगून राहिली. लेकरायचा खाऊ जातो कुठं, ते दिसून राहिलं नं."

त्यात आणखी एक होतं. मी बौद्धवाड्यातली, ती वरच्या आळीतल्या शेतीवाल्यांची सून. माझ्या तोंडाला लागलेला चमचा तिला आधीपासूनच सलत होता. हे ती कधी बोलली नव्हती, मीही नाही. दोघींना माहीत मात्र होतं.

एरवी मी तिला तिथल्या तिथं झोडपलं असतं. त्या दिवशी मी चमचा ठेवला आणि लेकरांच्या ताटल्या मांडायला लागले. अंग तर माझं सगळ्यांसमोरच होतं. चोरीचा आळ आला तर माणूस घर उघडून दाखवतो. मी काय उघडून दाखवू?

मग मला वाटलं, न खाऊन दाखवावं. मी चाखणं बंद केलं, ते काम आमच्या मदतनीसबाईला दिलं. अंगणवाडीत पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेईना. घरी सकाळची भाकरी सोडली. दिवसभर उपाशी, सांजच्याला अर्धी भाकरी अन् पाणीदार वरण. असे तीन महिने. मदतनीसबाईच्या जिभेला मीठ कळायचंच नाही, त्यामुळं खिचडी कधी खारट, कधी आळणी, आणि लेकरं ताटात सांडून उठायची. म्हणजे माझ्या अब्रूपायी लेकरं अर्धपोटी. आणि आडतीवरच्या काट्यावर मी एक पोतं अन् वर चोवीस किलो.

मला भीतीच वाटली. अन्न न खाता अंग कुठून वाढतं? दहा वर्षं मी आयांना सांगत होते, पोटात गेलं तर अंगाला लागतं. माझं अंग मलाच खोटं पाडून राहिलं होतं. एकदा लेकरांसोबत फुगडीचं गाणं म्हणता म्हणता खाली बसले ती उठताच येईना.

तोवर वरच्या आळीतून माझ्याविरुद्ध अर्ज गेला. चौकशीला आमच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या. सुकडीची पोती मोजली, नोंदवही तपासली, तेलाचे डबे बघितले. सगळं बरोबर निघालं. तरी बाहेर जमलेल्या बायकांचं समाधान काही झालं नाही. वही खोटी लिहिता येते, अंग कसं लिहिता येईल, असंच त्यांच्या मनात असणार. मॅडम निघता निघता थांबल्या. म्हणाल्या, "जरा मान वर करा बरं." मी केली. त्यांनी गळ्याकडे बघितलं, माझा गार हात हातात घेतला. "तुम्ही उद्याच्या उद्या वसमतला डॉक्टरकडे जा. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं."

रक्त नांदेडला गेलं, आठवड्यानं कागद आला. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. म्हणाले, गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते, थायरॉइड. तिचा रस कमी पडला की अख्खं शरीर मंद चालतं. जेवण कमी केलं तरी शरीर खर्चच करीत नाही, वर अंगात पाणी धरून ठेवतं. त्यांनी गोळी हातावर ठेवली. तुरीच्या डाळीएवढी. मी म्हटलं, "साहेब, एवढ्या अंगाला एवढीशी गोळी?" ते म्हणाले, "बाई, याच्याहून कमी रसावर तुमचं अंग तीस वर्षं चाललं होतं."

मी बाहेर बाकावर बसून रडले. आजार निघाला म्हणून नाही. मी चोर नव्हते, हे कुठंतरी कागदावर लिहून आलं होतं म्हणून.

त्यांनी सांगितलं ते साधं होतं आणि तेच अवघड होतं. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत गोळी, त्यानंतर तासभर काही नाही. उपास बंद. दोन वेळा पोटभर जेवायचं, पण भाकरी दोन, भाजी अन् डाळ जास्त, तेल अन् साखर बेतानं. रोज चालायचं. "गोळीनं सूज उतरेल अन् थोडं वजन उतरेल. बाकीचं तुमच्या पायानं अन् तुमच्या ताटानं. घाई केली तर माझ्याकडे येऊ नका."

मी घाई केलीच. आधी तर चहाशिवाय माझी सकाळ उजाडायची नाही, म्हणून गोळी चहासोबतच घ्यायचे. महिना फुकट गेला. मग म्हटलं एकीनं उशीर लागतो तर दोन घेऊ, गावासमोर लवकर बारीक होऊन दाखवू. आठ दिवसांत छाती अशी धडधडायला लागली की पदर हलताना दिसायचा, हात थरथरायचे. डॉक्टरांनी मला लेकरासारखं झापलं. "हृदयाशी खेळ करून राहिल्या का? वजन उतरवायची गोळी न्हाई ही. जे कमी हाय ते भरून काढायची गोळी हाय." ते आमच्या बोलीत बोलले तेव्हा कळलं की चिडलेत.

तेव्हा मी आपल्या कामाकडे वळले. शाई सांडून खराब झालेलं एक कार्ड होतं. त्याच्या मागं चौकटी आखल्या आणि स्वतःचं नाव घातलं. आयांना मी नेहमी सांगायचे, लेकराचं वजन रोज करू नका, जीव खालीवर होतो, महिन्यातून एकदाच करा. तेच मी स्वतःला सांगितलं. महिन्यातून एकदा आडतीवर जायचं, एक ठिपका द्यायचा. सकाळी गोळी घेऊन कालव्याच्या कडेनं पुलापर्यंत चालत जायचं आणि यायचं, घरी येईस्तोवर तास भरायचा, मग चहा.

पहिल्या दोन महिन्यांत आधी तोंडावरची सूज गेली. मग आवाज आला. एका सकाळी हळदीच्या वावराच्या बांधावर मी सहज बुद्धवंदना म्हणायला लागले आणि माझाच जुना आवाज माझ्या कानावर आला. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच. डाळीएवढी गोळी पोटात जाते काय, अन् गळ्यातून आवाज परत आणते काय. माझ्या कार्डावरची रेघ खाली यायला लागली, कधी किलो, कधी अर्धा, एखादा महिना तशीच आडवी. पण उतरत राहिली.

आणि माझी रेघ उतरताना त्या पोरीची मात्र तिथंच होती. ती उन्हाच्या भिंतीला टेकून बसायची, कुणाशी खेळायची नाही. तोंड गोल, पण दोन वर्षांपूर्वीचा झगा अजून बरोबर अंगात. एक दिवस तिला झोळीतून उतरवताना तिचा हात माझ्या हातात आला. भर वैशाखात तो गार होता. असा गार हात मला ठाऊक होता. माझाच होता तो, वर्षभरापूर्वीचा.

त्या घरी जायची माझी इच्छा नव्हती, खोटं कशाला सांगू. मनात आलं, बस म्हणावं आता भोगत. मग स्वतःचीच लाज वाटली. मी गेले, अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, "वहिनी, पोरीचं रक्त तपासा. मला हाय तेच तिला असंल." ती म्हणाली, "तुझा रोग माझ्या लेकराला लावू नको." मी आल्या पावली परत आले. रस्ताभर माझ्या अंगाची लाही लाही झाली होती.

पण मी तिथंच सोडलं नाही. पुढच्या महिन्याच्या वजनाला ती आली तेव्हा मी दोन कार्डं तिच्या पुढ्यात ठेवली. एक माझं, एक पोरीचं. म्हटलं, "ही माझी रेघ. इथून गोळी सुरू केली, बघा कशी वळली. अन् ही पोरीची. तीन वर्षांची होईस्तोवर बराबर चढली, अन् इथं अडकली. तुमी म्हणत व्हता खाऊ जातो कुठं. मला बी तेच विचारायचंय, हिनं खाल्लेलं जातं कुठं?" ती शिकलेली नव्हती. पण रेघ वाचायला अक्षर लागत नाही. ती कितीतरी वेळ रेघेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "कोण डॉक्टर हाय?"

एस.टी.त ती माझ्या शेजारी बसली, मधे पोरगी. डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाठवलं, आणि निघालं तेच. ते म्हणाले, जन्मापासून नव्हतं, नंतर लागलं, म्हणून डोक्याला धक्का नाही, वाढ भरून निघेल. गोळीही तीच, फक्त तिच्या मापाची, पाण्यात विरघळवून. एकच गोळी मला उतरवते आणि तिला चढवते, हे मला तेव्हाही समजलं नव्हतं आणि अजूनही पुरतं समजलेलं नाही.

पहिला ठिपका वर गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. पोरगी भिंत सोडून अंगणात आली. मग इतरांना ढकलायला लागली, त्यावरून मी तिला रागावले आणि रागावताना मला हसू आलं. वर्ष भरायच्या आत तिचा झगा गुडघ्यावर आला. माझं वजन एक पोतं अन् वर अकरा किलोवर येऊन टेकलं. डॉक्टर म्हणाले, बस, आता हेच सांभाळा.

एके दिवशी ती आई पोरीला नवा झगा घालून घेऊन आली. खिचडी नुकतीच उतरली होती, आया दारात उभ्या होत्या. मदतनीसबाई चाखायला वाकली, तर त्या आईनं तिच्या हातातून चमचा घेतला. पातेल्यातली खिचडी भरली, फुंकर घातली आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढं धरली.

"बाई, आधी तुमी चाखा."

दोन वर्षांनी तो चमचा माझ्या तोंडाला लागला. मी म्हटलं, "मीठ बराबर हाय." तिनं तो धुतला नाही. तसाच पातेल्यात घातला आणि त्याच चमच्यानं लेकीला पहिला घास भरवला.