पूजेआधीची टिक

धाकट्या जावेला स्वतःच्या नावानं रोपं विकायची होती. नालवाडीच्या शेतात शेडनेटखाली ती वांग्याची आणि मिरचीची रोपं तयार करते. ती सगळी जामच्या चौकातला एक नर्सरीवाला उचलायचा आणि आपलीच म्हणून विकायचा. "ताई, एकदा तरी माह्या रोपाले कोणी माह्या नावानं विचारावं," ती म्हणाली. मी बोरगाव मेघेत राहते, नोकरी करते आणि यादी केल्याशिवाय चहाही टाकत नाही. त्यामुळे वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं.

मजकूर मी लिहायचा, फोटो आणि सेटिंग जावेनं बघायचं, दिरांनी मध्ये मध्ये बोलायचं, असं ठरलं. वांग्याचं एक पान, मिरचीचं एक, पत्त्याचं एक. सासूबाईंची अट एकच होती: पूजा होईपर्यंत कोणाची नजर पडता कामा नये. मुहूर्तावर लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, अक्षता कीबोर्डमध्ये गेल्या. स्पेसबार अजून कुरकुरतो. मी यादीतल्या सगळ्या ओळींवर रेघ मारली.

सर्च इंजिन आधी येऊन आपली पानं वाचतं, त्यांची नोंद घेतं आणि मगच ती लोकांना सापडतात. याला इंडेक्स होणं म्हणतात, असं मी घरात समजावलं. सासूबाईंना एवढंच कळलं की कोणीतरी येणार आहे.

"आला का वं तो?" त्या रोज विचारायच्या.

"नाही आई."

"रस्ता चुकला असन. माह्या पोराचा नंबर देजो त्याले."

त्यांचं पोर, म्हणजे माझे दीर, दिवसभर फोनवर 'वांग्याची रोपं, नालवाडी' असं शोधायचे. दर वेळी वर यायचा तो जामचाच नर्सरीवाला. "वयनी, आपण तर त्याचंच नाव घेऊन राह्यलो दिवसभर!"

इकडे ट्रेमधली रोपं कोणासाठी थांबत नव्हती. फार उंच झाली की ती कोणी घेत नाही. जाव रोज त्यांच्याकडे पाहायची, मग माझ्याकडे. शेवटी साइटच्या मालकांसाठी सर्च इंजिनची जी वेगळी सोय असते, तिथं मी नोंदणी केली. उत्तर अगदी सरळ होतं: आमची नोंद घेऊ नका, असं तुमच्याच साइटनं सांगितलं आहे.

मी जावेला सेटिंग उघडायला लावलं. एका चौकोनात टिक होती. समोर लिहिलं होतं, 'सर्च इंजिनला दाखवू नका.'

"ही काऊन केली?"

"आईच म्हणाल्या ना, पूजेआधी कोणाले दाखवू नका म्हणून! तिथं तेच लिहिलं होतं. मले वाटलं, बरी सोय हाये."

"आणि पूजेनंतर?"

"पूजेनंतर मी पेढे वाटत होती."

सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे नारळ फोडला अन् दार उघडलंच नाई? तो बिचारा येऊन परत गेला असन."

टिक काढली, एकेक पान तपासायची विनंती पाठवली. आधी मिरचीचं पान शोधात दिसू लागलं. समुद्रपूरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, तो गाडी घेऊन आला आणि मिरचीचे ट्रे रिकामे करून गेला. वांग्याचं पान मात्र काही येईना. रोपं काडीसारखी उंच झाली, तेव्हा दिरांनी वैतागून ती कोबीसाठी ठेवलेल्या जागेत लावून टाकली. त्या हंगामात आम्ही वांग्याची भाजी खाल्ली, भरीत खाल्लं, भरली वांगी खाल्ली आणि पाहुण्यांनी येणं कमी केलं.

एका रविवारी मी शेतावर असताना जावेचा फोन वाजला. पलीकडच्या माणसानं तिचं नाव घेतलं, साइटवर वांग्याचं पान पाहिलं म्हणाला, रोपं आहेत का विचारलं. ती आधी माझ्याकडे पाहून हसली, मग पदर खोचून वाफ्याकडे वळली.

"रोपं नाई जी आता," ती म्हणाली, "वांगे हायेत. किती पाठवू?"