हवेवरचा माग
आसगावला आमच्या घरी हातमाग होता. खालची खोली अपुरी पडू लागली, तेव्हा भावाने वरच्या मजल्यासाठी हलक्या काँक्रीटची तयार पॅनेलं मागवली. बाबांनी एकावर बोटाने टकटक केलं आणि मिस्त्रीकडे संशयाने पाहिलं.

"हे एवढं हलकं काहून हाय?"

"आत हवेचे बुडबुडे हायेत, काका. लोखंडी सळ्या बी हायेत."

"म्हणजे हवेवर मांडू का मी माग?"

त्यांनी एक तुटका तुकडा बादलीत टाकला. तो तरंगला. बाबांनी तो दाबून बुडवला, तो पुन्हा वर आला.

पॅनेलं बसली, त्यांवरचा काँक्रीटचा थरही सुकला, तरी ते कोणाला वर जाऊ देईनात. त्यांनी मजल्याच्या मधोमध धानाची पोती रचली आणि खालच्या खोलीत, छताच्या किंचित खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुताचा दोरा ताणून बांधला. मजला वाकला तर दोऱ्याला टेकेल, असा त्यांचा हिशेब. रोज सकाळी स्टुलावर चढून ते मधल्या फटीत बोट घालून पाहत. फट तेवढीच राहिली. शेवटी माग वर गेला आणि बाबा वर्षानुवर्षं त्यावर विणत बसले. पण आई चहा घेऊन आली, की हात उंचावून म्हणत, "तू दारातच थांब, मीच येऊन राहिलो."